पर्यावरणाची पदवी शिवाराच्या कामी यावी

पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय मिळविले, याची खरी परीक्षा गावाच्या शिवारात होते. नागपूर हे या विद्येचे जुने केंद्र होय. १९५८ साली येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिला ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ हे नाव मिळाले. अशा नगरीत शिकणाऱ्यांच्या पदरी नुसत्या व्याख्या पडू नयेत.

पहिला लाभ व्हावा तो कार्यकारणसंबंध ओळखण्याचा. नाग नदी शहराचे सांडपाणी वाहून नेते. पुढे ती कन्हानला व कन्हान वैनगंगेला मिळते. शहरातील मोरीत सोडलेली घाण खालच्या गावांच्या ओलितापर्यंत व गुरांच्या पाणवठ्यापर्यंत कशी पोचते, हे विद्यार्थ्याने नदीकाठाने चालून पाहावे.

दुसरा लाभ मोजमापाच्या सवयीचा. विहिरीतील पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजून लिहून ठेवावी. कपाशीत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजावेत. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग सापडले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीस पोचली असे समजतात. मोजल्यावाचून फवारणीचा सल्ला देणे म्हणजे शेतकऱ्याचा पैसा व आरोग्य दोन्ही धोक्यात घालणे होय.

तिसरा लाभ सर्वांत मोलाचा. तो म्हणजे माणसाची काळजी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरील लाल खूण अतितीव्र विषाची असते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. मनाने औषधे एकत्र मिसळू नयेत. हातमोजे व तोंडावर मुखपट्टी असावी. या गोष्टी मजुराला त्याच्या बोलीत समजावून सांगता येत नसतील, तर ती पदवी अपुरीच म्हटली पाहिजे.

ग्रामकार्यकर्त्यांनी अशा विद्यार्थ्यांना अवश्य गावी बोलवावे. त्यांच्याकडून विहिरींची नोंदवही सुरू करून ती ग्रामपंचायतीत ठेवावी. कोणत्या बांधाखाली पाणी मुरते व कोठे माती वाहून जाते, हे अनुभवी शेतकरी बंधूंनी त्यांना दाखवावे. शिक्षण व शिवार यांची अशी सांगड पडली, तर गावाचे पाणी, माती व माणसे या तिन्हींचे रक्षण होईल.