पांढरी 'कासा' आणि अर्धा कोयता

दिवाळीला माझी भाची पुण्याहून आंबाजोगाईला आली आणि फराळाच्या आधी वही उघडून बसली. कंपनीत स्पॅनिश येणाऱ्यांना वरची जागा मिळणार होती आणि पहिल्या परीक्षेत ही थोड्या मार्कांनी राहिली होती. 'मावशी, शब्द सगळे पाठ आहेत गं. विशेषणंच घात करतात!'

मैत्रिणींनो, मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही. पण अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. 'विशेषण' हा शब्द कानावर पडला आणि चकलीचा सोऱ्या तसाच ठेवून मी तिच्याजवळ जाऊन बसले.

ती सांगायला लागली. पांढरा म्हणजे 'ब्लांको'. घर म्हणजे 'कासा', आणि ही कासा तिकडे स्त्रीलिंगी. म्हणून 'कासा ब्लांका'. पुष्कळ घरं असली की 'कासास ब्लांकास'. पुस्तक म्हणजे 'लिब्रो', तो पुल्लिंगी. म्हणून 'लिब्रो ब्लांको' आणि 'लिब्रोस ब्लांकोस'. 'एका रंगाची चार-चार रूपं, मावशी!'

मला हसूच आलं. म्हटलं, आपल्याकडची मोज. पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू. पांढरे घोडे, पांढऱ्या गाई, पांढरी वासरं. वर पुन्हा पांढऱ्या घोड्याला, पांढऱ्या वासराला. हे तुला कुणी शिकवलं होतं का? आपल्याकडं तीन वर्षांचं लेकरूसुद्धा 'माझी गाडी मोठी' म्हणतं, 'मोठा' म्हणत नाही. तिची अडचण वेगळीच होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि ती स्पॅनिश शिकत होती इंग्रजीतून. गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉईज. तिथं 'गुड' जागचा हलत नाही. म्हटलं, मधली इंग्रजी काढून टाक, थेट घरच्या भाषेतून जा.

दुपारपर्यंत छान जमलं. मग तिनं निळ्या फुलांसाठी 'फ्लोरेस आसुल' लिहिलं, उत्तर पाहिलं, तर चूक! आणि ती चूक माझ्या शिकवण्यातली होती, बरं का. आपली 'आ'ने संपणारी विशेषणं बदलतात. लाल, गोड, हुशार, स्वस्त ही बदलत नाहीत. लाल साडी, लाल साड्या. व्याकरणात आपण त्यांना अविकारी म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'आसुल' म्हणजे निळा, 'ग्रांदे' म्हणजे मोठा, असे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. पण वचनाप्रमाणे बदलतात! फुलं पुष्कळ असली की 'आसुलेस', घरं पुष्कळ असली की 'ग्रांदेस'. म्हणजे मराठीच्या भरवशावर राहिलं की नेमकं इथं घसरायला होतं. दोन तास मी तिला अर्धंच शिकवत होते.

आणखी एक. लिंग काही भाषेबरोबर प्रवास करत नाही. आपला हात पुल्लिंगी, त्यांची 'मानो' स्त्रीलिंगी, तीही 'ओ'ने संपत असून. 'प्रोब्लेमा' 'आ'ने संपतो, तरी पुल्लिंगी. आपला चांदोमामा तिकडे 'लूना' होतो, म्हणजे मामाची मावशीच झाली! म्हणून शब्द एकटा पाठ करायचाच नाही. पुढं 'एल' किंवा 'ला' लावूनच करायचा: एल प्रोब्लेमा, ला मानो. दिवस पुल्लिंगी म्हणून सकाळी 'बुएनोस दीआस', रात्र स्त्रीलिंगी म्हणून 'बुएनास नोचेस'. हे तिला आधीच पाठ होतं, फक्त का ते ठाऊक नव्हतं.

मग आली मिश्र मंडळी. 'नीन्यो' मुलगा, 'नीन्या' मुलगी. नऊ मुली आणि एक मुलगा असला तरी सगळे मिळून 'नीन्योस', आणि विशेषणही पुल्लिंगी. हल्ली तिकडे काही जण यावर तोड म्हणून 'ए'ने संपणारी रूपं वापरतात, पण 1713 सालापासूनची स्पॅनिश अकादमी ती मान्य करत नाही. मी म्हटलं, आपल्याकडं बघ. नवरा-बायको आली, ती दोघं दमलेली होती, सगळी पोरं गुणी निघाली. तो नाही, ती नाही, दोघांना मिळून नपुंसकलिंगी अनेकवचन. ('आईवडील आले' म्हणतो ते आदरानं, ती गोष्ट वेगळी.) मला मराठीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तेवढ्यात आमच्याकडं कामाला येणाऱ्या अक्का भांडी घासून दारात टेकल्या. दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेऊन. भाचीनं विचारलं, 'तुम्हा दोघांना तिकडे काय म्हणतात, अक्का?'

'कोयता,' त्या म्हणाल्या. 'आमी दोघं मिळून एक कोयता. जोडी असली की पुरा. येकल्या माणसाचा अर्धा. मागल्या साली ह्यांना ताप भरला, तवा म्या अर्धा कोयता.'

'अर्धी का नाही?' भाचीनं माझ्याकडं पाहिलं.

व्याकरणाचं उत्तर सोपं होतं. विशेषण नामाच्या मागं जातं. नाम कोयता, तो पुल्लिंगी, म्हणून अर्धा. पुढं उभी बाई असली तरी अर्धाच. वर्गात हे वाक्य मी शेकडो वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी ते तोंडातून नीट निघेना.

'अर्धी म्हणा न्हाईतर अर्धा म्हणा,' अक्का म्हणाल्या, 'मोळ्या तेवढ्याच उचलाव्या लागत्यात.'

मी डब्यात चकल्या आणि शंकरपाळे भरून दिले. अक्का शुक्रवारी निघणार होत्या, धाकटं लेकरू सोबत घेऊन.

भाचीची परीक्षा जानेवारीत आहे. अजून 'मानो'ला ती 'ब्लांको' लावते, मग स्वतःच खोडते. परवा तिची वही चाळली तर पुल्लिंगी शब्दांच्या रकान्यात, लिब्रोच्या खाली, मराठीत लिहिलेलं दिसलं: अर्धा कोयता.