आवरत्या पेशींचा प्राणी

पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीला खेटून जातो. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हाच रस्ता अडवून धरला, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले आणि निपाणीचं नाव देशभर झालं. तो भावाचा लढा होता. तंबाखूचा दुसरा हिशेब मात्र सीमाभागात दबक्या आवाजातच मांडला जातो. वखारीत तंबाखू चाळताना उठणारा खकाणा पदर आवळून झेलणाऱ्या बायका, दाताला मिसरी लावणाऱ्या सासवा, गालात चिमूट धरून पोती उचलणारे हमाल, अशा सगळ्यांच्या शरीरात हा हिशेब चालू असतो. १९९०च्या दशकात मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी विडी-तंबाखूच्या कामगारांच्या पेशी तपासल्या. तंबाखूशी संबंध नसलेल्यांपेक्षा या कामगारांत गुणसूत्रांची मोडतोड जास्त आढळली. अशी मोडतोड साचत गेली की एखादी पेशी विभाजन थांबवायचं विसरते. विभाजनाला ब्रेक लावणारं आणि तोंडाच्या कर्करोगात वारंवार बिघडलेलं सापडणारं एक जनुक म्हणजे पी-५३.

याच महामार्गाच्या दोन टोकांना, बंगळुरात आणि पुण्यात, या प्रश्नाची उलटी बाजू तपासली गेली आहे. काही प्राण्यांच्या पेशी जन्मभर विभागत राहतात, तरी त्यांचं शरीर ताळ्यावर राहतं. त्या पेशींना आवरतं कोण?

बंगळूरचा प्राणी प्लॅनेरिया. हा सेंटिमीटरभर लांबीचा, तपकिरी, तिरळ्या वाटणाऱ्या दोन डोळ्यांचा चपटा कृमी. याचं तोंड डोक्याला नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. तिथून नळी बाहेर काढून तो खातो आणि चोथाही त्याच वाटेने टाकतो. पुढे फळमाशीवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारा थॉमस हंट मॉर्गन १८९८ साली याच कृमीचे तुकडे करत होता. शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी उभा राहू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. डोळ्यांच्या पुढचं टोक कापलं तर मात्र त्या टोकापासून काहीच होत नाही. कारण तिथे मूलपेशी नसतात.

या मूलपेशींना निओब्लास्ट म्हणतात. प्लॅनेरियाच्या एकूण पेशींपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक पेशी याच असतात आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्यात विभागतात त्या फक्त याच. किरणोत्सर्गाचा मोठा मारा केला की त्या मरतात, आणि काही आठवड्यांत प्राणीही मरतो. २०११ साली पीटर रेडियन यांच्या प्रयोगशाळेने असा मरू घातलेला कृमी घेतला आणि त्यात दुसऱ्या कृमीची एकच मूलपेशी टोचली. त्या एका पेशीच्या वंशजांनी शरीर पुन्हा भरून काढलं. आपल्या अंगात एवढ्या ताकदीच्या पेशी इतक्या संख्येने असत्या तर गाठींशिवाय दुसरं काय उरलं असतं, हा विचार मनात येतोच.

पण प्लॅनेरियातलं विभाजन मोकाट नसतं. जखम झाली की सहा तासांच्या आसपास विभाजनाची एक लाट अंगभर उठते; साधी सुई टोचली तरी उठते. दुसरी लाट दोन दिवसांनी येते, ती मात्र जखमेपाशीच, आणि शरीराचा एखादा भाग खरोखर गमावला असेल तरच. म्हणजे नुसती इजा कोणती आणि तोटा कोणता, हा फरक या प्राण्याला कळतो. मला या सगळ्या संशोधनात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

हा लगाम कोणाच्या हाती आहे, ते शोधण्याची रीत मजेशीर आहे. जे जनुक मुकं करायचं, त्याच्याशी जुळणारा दुपदरी आरएनए काळजाच्या लगद्यात कालवून कृमीला खाऊ घालायचा आणि पुढे काय बिघडतं ते पाहायचं. पी-टेन नावाचं जनुक असं मुकं केलं तेव्हा मूलपेशी भरमसाट विभागल्या, ऊतींची घडी विस्कटली आणि प्राणी मेला. रॅपामायसिन हे औषध दिल्यावर तो अतिरेक रोखला गेला, नेहमीचं विभाजन मात्र चालू राहिलं. पी-५३ मुकं केल्यावर आधी विभाजन वाढलं, पण नव्या पेशी आपापल्या कामाला लागेनात, आणि शेवटी मूलपेशींचा साठाच आटला. नुसता ब्रेक निकामी झाला असता तर असं झालं नसतं. विभागलेल्या पेशींपैकी कोणी मूलपेशी राहायचं आणि कोणी कामाला लागायचं, हे ठरवण्यातही या जनुकाचा हात आहे. माणसाच्या कर्करोगात बिघडणारी ही दोन्ही जनुकं या कृमीत इतक्या उघडपणे काम करताना दिसतात.

बंगळूरच्या इन्स्टेम या संस्थेत दासरधी पालकोडेटी यांचा गट याच कृमीवर काम करतो. भारतात येण्याआधी, २००८ साली, त्यांनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पिवी कुळातली दोन प्रथिनं नसतील तर प्लॅनेरियाच्या मूलपेशी आपलं काम करू शकत नाहीत आणि त्यांच्यातले छोटे आरएनएही घटतात. अशा छोट्या आरएनएंचं एक ठळक काम म्हणजे जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या तुकड्यांना गप्प ठेवणं. अखंड विभागणाऱ्या पेशीला ही राखण हवीच. बंगळुरातल्या त्यांच्या गटाने पुढे मूलपेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांकडे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांकडे, लक्ष वळवलं. कोणत्याही ऊतीत रूपांतरित होण्याची कुवत ज्या मूलपेशींत जास्त, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियांचा भार कमी, असं २०२१ मध्ये त्यांनी मांडलं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा प्राणी हायड्रा, गोड्या पाण्यातला एक इवलासा जीव. तोही तुकड्यातून उभा राहतो आणि त्याच्याही पेशी सतत विभागतात. सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या हायड्राची ओळख निश्चित केली आणि डीएनए दुरुस्तीच्या यंत्रणेतलं एक्सपीएफ हे जनुक त्यात शोधलं. त्या प्रथिनाचं काम म्हणजे डीएनएचा बिघडलेला भाग कापून काढणं. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं डीएनएला जे जाड गोळे चिकटवतात, ते काढून टाकणारी यंत्रणा नेमकी हीच. वखारीतल्या बाईच्या पेशीतही ती राबत असते, आणि तिची क्षमता अपुरी पडली की पुढचा भार पी-५३ सारख्या जनुकांवर येतो.

हायड्रा किंवा प्लॅनेरिया यांतून उद्या तोंडाच्या कर्करोगाचं औषध निघेल, असं म्हणणं फसवणूक ठरेल. पण बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या महाविद्यालयांत प्लॅनेरिया कापून तो पुन्हा वाढताना पाहण्याचा प्रयोग आजही करता येतो. काचेची बशी, क्लोरीन नसलेलं पाणी आणि धारदार पातं एवढं साहित्य त्याला पुरतं. कापण्याआधी कृमीला आठवडाभर उपाशी ठेवावं, तुकडे गार, अंधाऱ्या जागी ठेवावेत, पाणी बदलत राहावं. पहिल्या काही दिवसांत कापलेल्या कडेला पांढुरकी कळी फुटते आणि आठवडा-दीड आठवड्यात तिच्यावर डोळ्यांचे ठिपके उमटतात. प्रात्यक्षिकाच्या त्याच तासाला तंबाखू, पी-५३ आणि डीएनए दुरुस्ती हा धडा मराठीत आणि कन्नडमध्ये शिकवायला हवा. समोर बसलेल्या कित्येक मुलांच्या आया वखारीत जातात.