गाडीखालचा काळा डाग

मैत्रिणींनो, वढू बुद्रुकहून शिक्रापूरला भाजी नेणारी गटाची गाडी रात्री उभी असते, तिथली जमीन सकाळी पाहा. काळपट, चिकट डाग दिसला तर इंजिन ऑइल गळतंय. (स्वच्छ पाणी बहुधा एसीचं, त्याला घाबरू नका.) पुष्कळदा दोष चेंबरच्या नटाच्या वायसरचा असतो, थोडक्यात भागतं. पण ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही "गॅरेजपर्यंत तर जाऊ" म्हणत गाडी रेटली, तर इंजिन जाम होतं. मग हजारोंचा खर्च, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. गाडी तिथेच बंद करा, ओढून न्या. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. गॅरेजमध्ये आधी लेखी अंदाज घ्या, बदललेले जुने भाग आणि पक्कं बिल मागा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.