पहाऱ्याची बदली

जुनी मोटार विकताना, तिच्यात स्वखर्चाने बसवून घेतलेला आणि अद्याप सुस्थितीत असलेला अलार्म काढून आपल्याच दुसऱ्या गाडीत बसवावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. आणि पक्कड, सोल्डरिंग व मल्टिमीटर यांचा ज्याला सराव आहे, त्याला हे काम घरीही साधते. मात्र ते हातांचे जितके, त्याहून अधिक मोजमापाचे काम आहे. अलार्मच्या पेटीला मोटारीचे ज्ञान असे काहीच नसते; आपल्या वायरींवर १२ व्होल्ट आहेत की शून्य, एवढीच वार्ता तिला पोहोचते, आणि त्या वार्तेचा अर्थ गाडीगणिक पालटतो. बदली होऊन आलेल्या पहारेकऱ्याला नव्या वाड्याचे दिंडी-दरवाजे फिरवून दाखवावे लागतात, तद्वत या पेटीला नव्या गाडीची ओळख करून द्यावी लागते.

काढणीपूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, कारण ते सुटल्यावर धन टोकावरील पाना चुकून बॉडीला टेकला तरी विद्युत्मंडल पूर्ण होत नाही. मग प्रत्येक वायरीवर, ती कोणत्या कामाची याचा तपशील लिहून चिठ्ठी बांधावी. वायरीच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण एका कारखानदाराची लाल वायर दुसऱ्याच्या गाडीत सर्वस्वी निराळे काम करते; ग्राह्य पुरावा केवळ मापकाचा.

नव्या गाडीत प्रथम, किल्ली काढल्यावरही जिवंत राहणारी वायर आणि इग्निशनची वायर शोधावयाची. किल्ली फिरवताच रेडिओची वायरही जिवंत होते. परंतु स्टार्टर फिरत असताना बहुधा तिचा दाब नाहीसा होतो, आणि इग्निशनच्या वायरीवर तो टिकून राहतो, हाच दोहोंतील भेद. हा शोध बल्बच्या दिव्याने घेण्याचा जुना रिवाज आता सोडावा. ५ वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो व नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडलास तो बाधू शकतो. उलट ज्याचा अंतर्गत रोध १० मेगाओहम आहे, असा मल्टिमीटर एका अँपिअरच्या दशलक्षांशाहून किंचितच अधिक घेतो. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातील वायरींना तर कोणत्याही साधनाने स्पर्श करू नये.

दारांची वार्ता सर्वांत फसवी. अनेक गाड्यांत दार उघडताच चौकटीतील स्विच आपली वायर बॉडीला जोडतो आणि तीवरील दाब शून्यावर येतो. काहींत नेमके उलट घडते. पेटीला जी भाषा कळते तिच्याहून गाडीची निराळी निघाली, तर मध्ये रिले घालून ती उलटवावी लागते. ही वार्ता आतल्या दिव्याच्या वायरीवरून घेतल्यास आणखी एक अडचण संभवते: दार लावल्यावर दिवा सावकाश मंदावणारा असेल, तर तेवढा वेळ पेटी दार उघडेच समजते.

आघात ओळखणारा सेन्सर बहुधा दाबविद्युतीय स्फटिकावर चालतो. विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला असता त्यांच्या पृष्ठभागी विद्युत्भार प्रकट होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. तो सेन्सर डॅशबोर्डामागील भक्कम धातूवर घट्ट बसवावा आणि त्याची संवेदनक्षमता नव्याने जुळवावी, कारण प्रत्येक बॉडी कंपने निराळ्या रीतीने वाहून नेते.

इंजिन रोखण्याचा बंदोबस्त स्टार्टरच्या नियंत्रक वायरीतच करावा. चालत्या गाडीत रिले बिघडला तरी मग इंजिन बंद पडत नाही. ती वायर तोडून तिची टोके रिलेच्या ३० व ८७ए या पिनांना जोडली, की वेटोळे निष्क्रिय असताना मार्ग खुला राहतो. वेटोळ्याचे एक टोक इग्निशनला द्यावे. ते चुकून सदैव जिवंत वायरीला दिले, तर पहारा चालू असेतोवर वेटोळे अखंड ०.१५ अँपिअर, म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास खाते, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांच्या आत निम्मी होते. निव्वळ पेटी २० मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याच निम्म्या ऱ्हासास सुमारे ३६ दिवस लागतात. म्हणून अखेरीस उभ्या गाडीचा प्रवाह मोजल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.

पेटीतील स्मृती वीज तोडल्यानेही पुसली जात नाही. जुने रिमोट ती ओळखतच राहते. यास्तव सर्व रिमोटांची नोंद रद्द करून हाती असलेल्यांचीच पुन्हा करावी, अन्यथा जुन्या गाडीबरोबर गेलेला एखादा रिमोट नव्या गाडीचा पहारा उठवू शकेल.

या उद्योगाला एक मर्यादाही आहे. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या कॅन पद्धतीत अनेक नियंत्रकांचे संदेश दोनच वायरींवरून अंकरूपाने धावतात. ज्या गाडीत दारांची वार्ता याच मार्गाने जाते, तेथे जुन्या पेटीला ती वाचता येत नाही, आणि त्या वायरी तोडणे म्हणजे गाडीच्या सर्व कारभारात व्यत्यय आणणे होय. तेथे त्या पद्धतीचेच उपकरण जाणकाराकडून बसवावे. इतरत्र, कोणती वायर कोठे जोडली, कोणता फ्यूज घातला आणि उभ्या गाडीचा प्रवाह किती भरला, याची स्वच्छ नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला रंगांवरून तर्क लढवावा लागणार नाही.