हिरडा कोठा साफ करतो. रक्त गाळत नाही

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरापासून आहुपे आणि भीमाशंकरपर्यंत पसरलेल्या डोंगरपट्ट्यात, हिरड्याचे झाड हे महादेव कोळी कुटुंबांच्या उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचे एक मुख्य साधन आहे. आठळी धरण्याआधीच उतरवून वाळवलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा, कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरला जाणारा अर्धकच्चा तो चांभारी हिरडा आणि पूर्ण पिकलेला, टपोरा तो सुरवारी हिरडा, असे व्यवहारातले प्रकार असून त्यांत बाळहिरड्याला भाव चांगला मिळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, यावरून या झाडाचे तेथील संसारातले स्थान लक्षात येते. इतक्या उपयोगी आणि इतक्या काळजीपूर्वक अभ्यासल्या गेलेल्या फळाविषयी एक चुकीची समजूत मात्र घट्ट होत चालली आहे: हिरड्याचे किंवा त्रिफळ्याचे (हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या मिश्रणाचे) चूर्ण काही दिवस उपाशीपोटी घेतले की शरीरात साचलेली विषद्रव्ये बाहेर पडतात, रक्त शुद्ध होते आणि शरीर आतून धुऊन निघते.

ही समजूत सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो असा, की ही विषद्रव्ये कोणती? शिसे, पारा, कीटकनाशकाचे अंश, मद्य, औषधांचे अवशेष, यांपैकी नेमके काय साचलेले होते, ते चूर्ण घेण्यापूर्वी किती होते आणि नंतर किती उरले, हे रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीत मोजता येते; तरीही शरीरशुद्धीची जाहिरात करणारे हे मोजमाप क्वचितच दाखवतात. ब्रिटनमधील 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेशी जोडलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी २००९ साली अशी पंधरा उत्पादने तपासली, तेव्हा ती कोणते विष काढतात याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही आणि शुद्धी म्हणजे काय याची व्याख्याही दोन कंपन्यांची एकसारखी निघाली नाही. विषद्रव्ये काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या आहारपद्धतींचा आढावा ऑस्ट्रेलियातील क्लाइन आणि कियाट या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला, आणि त्यांनाही अशा पद्धतींचा परिणाम तपासणारी एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून केलेली तुलना, सापडली नाही.

शरीराला विषाची विल्हेवाट लावावी लागते हे खरेच आहे, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. यकृतातील विकरे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) मद्य, औषधे आणि शरीरातच तयार होणारी टाकाऊ द्रव्ये यांचे रूप बदलतात आणि त्यांना पाण्यात विरघळणारे बनवतात. मग ती पित्तावाटे किंवा लघवीवाटे बाहेर जातात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक भाग पुन्हा रक्तात घेतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बनवतात. ही यंत्रणा बंद पडली तर चूर्णाने भागत नाही, डायलिसिस किंवा अवयवरोपण करावे लागते; आणि ती चालू असेल तर चूर्णाने तिच्यात कोणती भर पडते, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

जुलाब झाले, घाण पडली, हलके वाटले, म्हणजे विष गेले, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे, कारण त्याला डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याचा आधार असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रेचक घेतल्यावर बाहेर पडते ते पाणी, क्षार, अन्नाचा न पचलेला चोथा आणि जिवाणू. शौचाच्या कोरड्या वजनाचा सुमारे एक चतुर्थांश ते निम्मा भाग तर जिवाणूंचाच असतो. वर्षानुवर्षे आतड्याला चिकटून राहिलेला मळ ही कल्पना शरीररचनेशी जुळत नाही, कारण आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी साधारणपणे तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात, आणि दुर्बिणीने मोठे आतडे तपासणाऱ्या डॉक्टरांना तेथे जुन्या मळाची पुटे आढळत नाहीत. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला शौच झाल्यावर बरे वाटते, ते बरे वाटणे खरेच असते. पण ते आतड्यावरचा ताण उतरल्याचे असते, रक्तात काही बदल झाल्याचे नसते.

रेचकाने वजन उतरते, हा याच समजुतीचा दुसरा फाटा. अन्नातील ऊर्जा मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते आणि सोनामुखीसारखी रेचके मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, म्हणजे शोषण उरकल्यावर. १९८३ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेचकांमुळे कित्येक लिटर जुलाब होऊनही ऊर्जेच्या शोषणात सुमारे १२ टक्क्यांचीच घट आढळली. काट्यावर जे उतरलेले दिसते ते पाणी असते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते परत येते. मात्र त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसात पोटॅशियम घटले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याहून गंभीर गोष्ट काळ्या शौचाची आहे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळा रंग येतो हे खरे असले, तरी डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे शौच हे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. 'आतली घाण निघते आहे' असे समजून अशा माणसाने चूर्ण चालू ठेवले, तर उपचाराची वेळ निघून जाते.

आयुर्वेदातच हे सांगितले आहे, हा बचाव तर ग्रंथ न वाचताच केला जातो, आणि त्याने ग्रंथांवरही अन्याय होतो. शार्ङ्गधर संहितेने पोट साफ करणाऱ्या द्रव्यांचे स्वतंत्र वर्ग पाडले आहेत: साचलेला मळ पचवून, त्याचा बंध मोडून त्याला खाली नेते ते अनुलोमन, आणि त्याचे उदाहरण हिरडा, न पचलेला मळ तसाच खाली नेते ते स्रंसन, उदाहरण बहावा, घट्ट मळ फोडून काढते ते भेदन, उदाहरण कुटकी, आणि मळाला पातळ करून वाहवते ते रेचन, उदाहरण निशोत्तर. पोट साफ करणारी सगळी झाडे सारखीच, हा समज त्या ग्रंथकाराला मान्य नव्हता. भावप्रकाशात तर हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मळ बाहेर काढतो आणि शिजवून घेतला तर उलट मळ बांधून धरतो, असे सांगितले आहे. म्हणजे एकच फळ तयार करण्याच्या रीतीप्रमाणे परस्परविरुद्ध कामे करते, ही जाण तेथे आहे. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तोंडाला कोरड पाडणारा तुरट पदार्थ, भरपूर असते, आणि कातडे कमावणाऱ्यांना ते ज्या गुणासाठी हवे होते तो प्रथिनांना आकसवण्याचा गुण पाहता ही नोंद सहज फेटाळण्यासारखी नाही.

त्याच भावप्रकाशात हिरडा कोणी खाऊ नये याचीही यादी आहे: प्रवासाने थकलेला, दुबळा, रूक्ष, कृश, उपवासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला, रक्तमोक्षण केलेला माणूस आणि गर्भवती स्त्री. उपाशीपोटी, सात दिवस, सर्वांनी, असा सल्ला देणारे नेमक्या त्याच माणसांच्या हाती हिरडा देतात ज्यांना तो देऊ नये असे त्यांच्याच आधारग्रंथाने बजावले आहे. हे संतापजनक आहे. पंचकर्मातील विरेचनही स्नेहन (तूप-तेलाची पूर्वतयारी), स्वेदन (घाम आणवणे) आणि नंतर हळूहळू वाढवलेला आहार या क्रमाने, रुग्णाची ताकद पाहून, वैद्याच्या देखरेखीखाली करायचे कर्म आहे. डब्यातून चमचाभर काढून घ्यायचे ते नाही.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, हे गृहीतक गुळवेलीच्या बाबतीत करोनाकाळात उघडे पडले. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती वेल दुसऱ्याच जातीची असावी असा आक्षेप घेतला. पुढे २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ज्यांना आधीच स्वप्रतिकार विकार आहेत, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटलेली आहे, अशांना धोका अधिक असल्याचे सूचित झाले. गुळवेल घेणाऱ्या बहुसंख्यांना काही झाले नाही हे खरे, पण यकृत साफ करण्यासाठी घेतलेल्या काढ्याने यकृतच सुजावे ही शक्यता कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते.

सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा नरक्या हे याहून ठसठशीत उदाहरण आहे. त्याच्यात मिळणारे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. त्याच्यापासून इरिनोटेकॅनसारखी कर्करोगावरील औषधे बनली, पण मूळ द्रव्याच्या सुरुवातीच्या चाचण्या त्याच्या विषारीपणामुळे थांबवाव्या लागल्या. जंगल औषध देते ते त्यातील द्रव्ये प्रभावी असतात म्हणून, आणि प्रभावी द्रव्याला मात्रा असते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत विषबाधा ही काल्पनिक गोष्ट नाही. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे, मंचरकडचा बटाटा आणि कांदा, या सगळ्या पिकांवर फवारणी होते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक अंगावर उडाले किंवा श्वासात गेले की घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या आणि धाप ही लक्षणे काही वेळातच सुरू होऊ शकतात. अशा वेळी भिजलेले कपडे काढून, अंग साबण-पाण्याने धुऊन, औषधाच्या डब्यासह माणसाला दवाखान्यात नेणे हाच उपाय आहे, कारण उतारा म्हणून ॲट्रोपिन लागते. रेचक देऊन जुलाब घडवणे ही अशा माणसाची हानीच आहे, कारण त्याचे शरीर आधीच पाणी गमावत असते.

किरकोळ समजांना थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. काविळीवर झाडपाल्याने गुण येतो असे दिसते, कारण अ आणि ई प्रकारची विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते; पित्ताच्या खड्याने किंवा लेप्टोस्पायरोसिसने झालेली होत नाही. भुईआवळ्याने हिपॅटायटिस ब हटतो हा दावा १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चेन्नईच्या अभ्यासावर उभा आहे, ज्यात ३७ पैकी २२ रुग्णांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. इतरत्र केलेल्या चाचण्यांत तसे आढळले नाही. काढ्यातील ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी सगळी औषधे निव्वळ वनस्पतीची असतात असेही नाही: अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ उत्पादनांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे एक पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. लहान मुलांना महिन्यातून एकदा एरंडेल देऊन कोठा साफ करण्याची गरज नसते. आणि साप चावल्यावर विष उतरवणारा पाला नाही, नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षे केलेले सर्पदंशावरील उपचार प्रतिसर्पविषाच्या लसीवर आणि रुग्ण वेळेत पोहोचण्यावर उभे आहेत, त्यामुळे चावलेला हात किंवा पाय न हलवता, न कापता, न बांधता थेट रुग्णालय गाठावे.