गाडी घ्यायची, पण चिखलात चालणारी!

आमच्या आंधळगावात बर्फ काही पडत नाही. पण रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावर गाडी घातली, की तिची गत बर्फातल्या गाडीसारखीच होते! मागच्या पावसाळ्यात आजीला रात्री भंडाऱ्याला न्यायचं होतं आणि भाड्याची जीप पांदणीतच फसली. आजीला बाजेवर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तेव्हापासून घरी गाडीचा विषय निघतोय. बाबा म्हणतात, फोर व्हील ड्राइव्हच पाहिजे.

आता बघा, चाक गाडीला ढकलतं ते घर्षणाच्या जोरावर आणि घर्षण त्या चाकावरच्या वजनावर. मारुती ८०० मध्ये इंजिन पुढे, फिरणारी चाकंही पुढेच. म्हणून ती निघते. मागची चाकं फिरवणारी रिकामी जीप मात्र जागीच गरगरते. गंमत म्हणजे मागे चार पोती धान टाकलं, की तीच जीप निघते! त्यात डिफरन्शियलचा घोळ. एक चाक घसरलं, की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. ॲक्सिलरेटर दाबाल तर चाक आणखी खोल.

फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. म्हणून बर्फाच्या देशांत जाणकार आधी टायर बघतात. साधारण ७ अंशांखाली साधं रबर कडक होतं, विंटर टायरचं मऊ राहतं. आपल्याकडे प्रश्न नक्षीचा. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते, पण चिखलाने ती लगेच भरते.

मी बाबांना सुचवलंय: साधीच गाडी, पण पोट उंच असलेली, नवे खोल नक्षीचे टायर, आणि डिकीत दोर नि दोन फळ्या. बाबा ‘बघू’ म्हणालेत. रोवणी तोंडावर आली आहे.