पूजेआधीची आणखी एक मुदत

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्याच्या कुमारटुलीत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. महालयेला देवीचे डोळे रेखायचे, म्हणजे त्याआधी माती वाळली पाहिजे, रंग चढला पाहिजे. पूजा अंकांच्या संपादकांचीही तीच गत. आपल्याकडच्या दिवाळी अंकांसारखेच हे प्रकरण. लेखकाने मुदत चुकवली तर त्याची कथा पुढच्या वर्षी!

या शतकाच्या पहिल्या दशकात या धावपळीत आणखी एका मुदतीची भर पडली. ‘अंकुर’ या गटातले स्वयंसेवक संगणकाच्या पडद्यावर बांगला भाषा आणण्याच्या खटपटीत होते. पश्चिम बंगाल, बांगलादेश आणि परदेश अशी विखुरलेली ही मंडळी नोकरी-शिक्षण सांभाळून, फावल्या वेळात हे काम करीत. मुदत मात्र त्यांनाही होती, आणि ती पंचांग पाहून ठरत नव्हती.

बाजारातल्या बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कंपन्या कुलूपबंद ठेवतात. मुक्त सॉफ्टवेअरची आज्ञावली मात्र कुणीही वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या तरुणांनी सुरू केलेला ‘ग्नोम’ प्रकल्प असाच. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा दर्शनी भाग, म्हणजे खिडक्या, बटणे आणि मेनू, यात घडवला जातो. काम करणाऱ्यांत काही कंपन्यांचे पगारी लोक असतात, पुष्कळसे हौशी. बरे, मालक नाही, हजेरीपट नाही, मग काम वेळेवर होते कसे?

याचे पहिले उत्तर म्हणजे आज्ञावलीचे भांडार. संपादकाच्या कपाटात अंकाची एकच मूळ प्रत असावी, आणि कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिच्यात आपोआप व्हावी, तसे हे भांडार. बदल फसला तर कालची प्रत परत काढता येते. या नोंदी ठेवण्यासाठी ग्नोममध्ये आधी ‘सीव्हीएस’ आणि मग ‘सबव्हर्जन’ ही साधने होती. २००९ पासून तिथे ‘गिट’ आले. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिहिले. लिनक्सच्या कामासाठी तोवर फुकट मिळणारे दुसरे साधन बंद झाले होते. अडचणीतून निघालेली ही वाट आज जगभरच्या प्रोग्रामरांची रोजची वाट आहे.

दुसरे उत्तर वेळापत्रकाचे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघते. एखादी सोय तयार झाली नाही तर ती मागे राहते. तिच्यासाठी सहसा आवृत्ती थांबत नाही. तारखेआधी टप्प्याटप्प्याने एकेक दार बंद होते. प्रथम नव्या सोयी थांबतात, मग पडद्याची रचना आणि मग पडद्यावरचे शब्द. या शेवटच्या दारावर अनुवादकांचा जीव टांगलेला असतो.

कारण अनुवादाची फाइल असते अशी: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली बांगला. प्रोग्रामरने इंग्रजीतला एखादा शब्द जरी बदलला, तरी खालच्या बांगला वाक्यावर ‘संशयित’ असा शिक्का बसतो. कुणी ते पुन्हा तपासेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसते. कामाचे शेकड्याने माप निघते, आणि ग्नोमच्या घोषणेत समर्थित भाषांमध्ये नाव यायचे तर ऐंशी टक्के वाक्ये पूर्ण हवीत. महिनोन्महिने खपून गाठलेला आकडा चार नव्या मेनूंनी घसरू शकतो. म्हणूनच शब्द गोठवल्यावर प्रोग्रामरला वाक्य बदलायचे असेल, तर अनुवादकांच्या प्रतिनिधींची परवानगी घ्यावी लागते. प्रुफे तपासणाऱ्याने संपादकाचा हात धरावा, असा हा अधिकार! छापखान्यात तो कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

२००६ मध्ये ग्नोमची २.१६ ही आवृत्ती ६ सप्टेंबरला आली, आणि पूजा सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे घरोघरी पूजेच्या खरेदीचे बेत चालले असतील, तेव्हा अनुवादकांसमोर संशयित ओळींची यादी होती.

शब्दांआधी अक्षरांचेही भांडण होतेच. ‘उत्सव’ हा शब्द बंगालीत लिहिताना त्यातला अर्धा ‘त’ एका वेगळ्याच वळणाने लिहितात. त्याला ‘खंड त’ म्हणतात. पूर्वी संगणकावर तो उमटवायला पूर्ण ‘त’, हसंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तीन चिन्हे लागत. जोडचिन्ह वाटेत गळले की ‘खंड त’चे रूप बिघडे. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’साठी झगडलेल्या मराठी माणसाला हे दुःख वेगळे सांगायला नको. २००५ मध्ये युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत ‘खंड त’ला स्वतंत्र स्थान मिळाले.

मराठीचे या भागाशी नातेही जुने आहे. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. दोनशे वर्षांनी उलट दिशेचा प्रवास घडला: रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात मराठीबरोबर बंगालीच्याही अनुवादाचे काम झाले.

बंगालीचा आणखी एक पेच मराठीला कधी पडला नाही. भाषा एक, देश दोन. इकडे ‘जल’ म्हणतात ते तिकडे बरेचजण ‘पानी’ म्हणतात. भांडारात म्हणूनच ‘बांगला’ आणि ‘बांगला (भारत)’ अशा दोन फाइली झाल्या. एकाच भाषेसाठी कष्ट दुप्पट आणि माणसे तेवढीच. हा सौदा महागच म्हणायचा.

आणि माणसे टिकत नाहीत ही खरी चिंता. विद्यार्थ्याला नोकरी लागते, संसार सुरू होतो, रात्री मोकळ्या राहत नाहीत. आवृत्तीची तारीख मात्र येतेच. अनुवादाच्या फाइलीच्या माथ्यावर आधीच्या अनुवादकांची नावे आणि साले लिहिलेली असतात. नवा येणारा त्यांच्याखाली आपले नाव घालतो आणि पहिल्या संशयित ओळीपासून कामाला लागतो.